शहाण्णव रुपयांचं घर

१ जानेवारी १९७८, रविवार

नववर्षाच्या प्रथम दिनी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता, मी पुढील अन्यायाची नोंद करत आहे. आमच्या गल्लीत नगरपालिकेचा नळ सकाळी सहाला सुटतो. बबनरावाच्या घरी तो सहालाच येतो. माझ्या घरी सहा वाजून अकरा मिनिटांनी. आमच्या दोन घरांत अंतर किती, तर एक भिंत आणि एक शेवग्याचं झाड. तेवढं कापायला पाण्याला अकरा मिनिटं लागतात. तेवढ्यात मी रिकामी बादली घेऊन त्याच्या दारापर्यंत चौदा वेळा जाऊन येईन. अर्थात जाणार नाही. रोज सकाळी मी कोरड्या तोटीसमोर उकिडवा बसतो आणि भिंतीपलीकडे त्याच्या टाक्यात पाणी पडल्याचा आवाज ऐकतो. माणसावर याहून मोठे अन्याय झालेले आहेत. वाचनालयातल्या इतिहासाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते, मला माहीत आहे. पण त्यातला एकही रोज सहा वाजता होत नाही.

ही दैनंदिनीसुद्धा बबनरावानंच दिलेली. त्याचं कृषी केंद्र आहे; खताची कंपनी त्याला दर वर्षी डझनभर डायऱ्या पाठवते. काल संध्याकाळी हाक मारून म्हणाला, "महादेवा, एक उरली हाय. तू काहीबाही लिहित असतं, घे." मुखपृष्ठावर युरियाच्या पोत्याचं रंगीत चित्र आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत एका बाकावर. मी त्याला निबंध लिहून द्यायचो, तो मला पेरू द्यायचा. पुढे तो पेरूच्या बाजूनं वाढत गेला आणि मी निबंधाच्या. आज त्याचं स्लॅबचं घर आहे. माझं कवेलूचं, म्हणजे कौलारू.

वय सत्तेचाळीस. हुद्दा, नगरपालिका वाचनालयाचा ग्रंथपाल. हाताखाली एकोणीसशे पुस्तकं, पाच वर्तमानपत्रं आणि एक पंखा.

६ जानेवारी, शुक्रवार

बाजाराचा दिवस. डिसेंबरचा पगार अजून नाही.

वाचनालयात येणाऱ्या पेन्शनरांना वाटतं, नगरपालिका मुंबईहून येणाऱ्या पैशावर चालते. ती बैलगाडीवर चालते. अध्यक्ष आणि नगरसेवक आम्ही निवडून देतो, ते भाषण करतात. मुख्याधिकारी सरकार पाठवतं, ते सही करतात. सरकारी अनुदान वर्ध्याहून येतं, म्हणजे निघतं, आणि वाटेत कुठंतरी जेवायला थांबतं. घरपट्टी-पाणीपट्टी लोक देतात तेव्हा देतात. बाजारातल्या बैठकीचा लिलाव आहे, कोंडवाड्यात सापडलेल्या गायीचा दंड आहे. पण रोजची चूल पेटते ती जकातीवर. नाक्यावर गुलाब बसतो. गाडी आली की पावती फाडतो आणि आडवा बांबू वर करतो. त्या बांबूला माझा पगार, रस्त्यावरचे दिवे, झाडूवाल्यांची मजुरी आणि अध्यक्षांच्या चहाचं बिल असं सगळं लटकलेलं आहे.

यंदा कापसाचं खरेदी केंद्र गावाच्या हद्दीच्या दगडापलीकडे उघडलं. दगडाच्या अलीकडे नगरपालिका, पलीकडे ग्रामपंचायत आणि तिच्या डोक्यावर जिल्हा परिषद. तिकडे जकात नाही. कापसाच्या गाड्या बाहेरूनच येतात, बाहेरच रिकाम्या होतात. दुपारी गुलाबकडे जाऊन बसलो. तो म्हणाला, "बाबूजी, गेल्या साली या दिवसात सत्तर-सत्तर गाड्या मोजल्या. आज नऊ. त्यातल्या दोनात तर लगनाची पाहुनी मंडळी होती, त्याहिले कायची जकात लावू?"

म्हणून पगार नाही. आणि पगार नाही म्हणून माझी गेल्या वर्षीची घरपट्टी-पाणीपट्टी, एकतीस रुपये साठ पैसे, थकलेली आहे. नगरपालिका माझी देणेकरी, मी नगरपालिकेचा. रस्त्यात भेटलो तर दोघंही दुसरीकडे बघतो.

१४ जानेवारी, शनिवार

संक्रांत. शकुबाईकडे, म्हणजे बबनरावाच्या बायकोकडे, हळदीकुंकू होतं. सुलोचना, माझी बायको, वाणात स्टीलची वाटी घेऊन आली. आपण काय देणार आहोत, विचारलं. म्हणाली, "फण्या." स्टीलची वाटी दिवसभर चुलीजवळ चकाकत होती. मी ती उचलून डब्यांच्या मागे ठेवली.

सुलोचना तिथं तासाभरावर बसली होती. इतका वेळ काय बोलत होता, म्हटलं, तर म्हणाली, "बायकाइचं." डोळे जरा लाल वाटले. शकुबाईनं नव्या घराचं कौतुक सांगून सांगून रडवलं असणार.

१८ जानेवारी, बुधवार

बबनराव सहकुटुंब अमरावतीला लग्नाला गेला आहे. मी मनात म्हटलं, चला, तीन दिवस तरी पाणी सहाला येईल. सहा वाजले, अकरा मिनिटं गेली, एकतीस गेली. थेंब नाही. पलीकडच्या तानाबाईकडेही नाही. त्याच्या घरी राखणीला बसलेल्या गड्याला भिंतीवरून विचारलं, तो म्हणाला, "इकडं तं येऊनच राह्यलं जी, मी तोटी बंद नाई केली, टाकं सांडून राह्यलं."

म्हणजे दोष बबनरावाच्या नळाचा नाही हे सिद्ध झालं. दोष पाणीपुरवठ्याचा आहे. तो गावात असो वा नसो, पाणी त्याच्याच घरी जातं. इतकी निष्ठा मी माणसांतही पाहिली नाही.

२३ जानेवारी, सोमवार

दर चार वर्षांनी नगरपालिका घरं मोजते. घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती येईल असा अंदाज करायचा, आणि त्या आकड्यावर शेकडा वीस घरपट्टी. आज आमच्या गल्लीची पाळी. कर विभागातला प्रेमदास टेप घेऊन आला, टेपचं दुसरं टोक धरायला म्हातारा कवडू शिपाई.

प्रेमदासबद्दल लिहायचं तर, तो बौद्धपुऱ्यातला, बी.कॉम., वय अठ्ठावीस. माझ्या वाचनालयातली जितकी पुस्तकं त्यानं वाचली तितक्यांची मी धूळ झटकली नसेल. गेल्या महिन्यात त्यानं एका पुस्तकातली दोन पानं उलटी शिवली आहेत हे मला दाखवून दिलं. अशी माणसं मला फार वेळ आवडत नाहीत.

बबनरावाकडे हे लोक चाळीस मिनिटं होते. खोल्या, जिना, गच्ची, संडास, टाकं. आतून चहाच्या कपांचा आवाज. माझ्याकडे चार मिनिटं. कवडू दाराशी उभा, प्रेमदास मागच्या भिंतीशी, मधे मी. "कवेलू, मातीचा जोड," असं म्हणून त्यानं वहीत लिहिलं. मी विचारलं, "झालं?" तो म्हणाला, "झालं बाबूजी." चहाचं सुलोचना विचारणारच होती, पण साखर नव्हती. चाळीस वर्षं माणूस ज्या घरात राहतो ते चार मिनिटांत संपतं.

१ फेब्रुवारी, बुधवार

यादी नगरपालिकेच्या फळीवर लागली. बबनराव, वार्षिक भाडेमूल्य सहाशे. मी, शहाण्णव. तानाबाई, चौऱ्याऐंशी.

तानाबाई म्हणजे माझी उजवीकडची शेजारीण. नवरा जिनिंगमध्ये होता, वारून सहा वर्षं झाली. शेवया-पापड करून दुकानात देते आणि समोरच्या खोलीत पापड वाळवते. म्हणजे नगरपालिकेच्या लेखी, माझ्या घरात आणि पापडाच्या खोलीत फरक बारा रुपयांचा. महिन्याला एक.

पानठेल्यावर बबनराव रडत होता. चार लोक ऐकतील अशा बेतानं. "मले तं मारलं बुआ नगरपालिकेनं. सहाशे. एकशेवीस रुपये घरपट्टी भरू मी?" आणि मग, थोडं थांबून, पुन्हा, "सहाशे." तक्रारीच्या तोंडानं बढाई कशी मारावी याचा तो नमुना होता. पानवाला म्हणाला, "मोठं घर हाय तं लागनच, शेठ." आणि मला विचारलं, "तुमचं किती लागलं बाबूजी?" मी म्हटलं, अजून पाहिलं नाही.

घरी येऊन मोजलं. सहाशेला शहाण्णवनं भागलं की सव्वासहा येतात. मी बबनरावाच्या सहाव्या हिश्शापेक्षाही कमी आहे, आणि ते सही-शिक्क्यानिशी भिंतीवर लावलेलं आहे.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

हरकती पंधरा दिवसांत द्यायच्या आहेत. आज मी दिली. बऱ्याच वर्षांनी इतकं चांगलं मराठी लिहिलं. "माझ्या घरास सागवानी तुळया असून ओटा घडीव दगडाचा आहे. दोन्ही बाजूंनी वारा खेळतो. अशा वास्तूचे वार्षिक भाडे शहाण्णव रुपये धरणे हा तिचा अवमान होय." इथंच थांबणार होतो, पण शेवट हलका वाटला. वाक्याला वजन यावं म्हणून पुढे लिहिलं, "किंबहुना या गल्लीतील कवेलूची सर्वच घरे नगरपालिकेने आजवर कमी लेखिलेली आहेत." ते 'सर्वच' फार छान बसलं.

प्रेमदासनं अर्ज दोनदा वाचला.

"बाबूजी, हे कमी करा म्हणून हाय का वाढवा म्हणून?"

"वाढवा."

त्यानं अर्ज माझ्याकडे सरकवला. मग हळूच म्हणाला, "एकदा विचार करून घ्या. शेवटची ओळ तरी खोडा. त्या गल्लीत तुमचंच घर नाई ना जी."

मी त्याला सांगितलं की अर्ज लिहिणं हे माझं काम, पोच देणं हे त्याचं. त्यानं पोच दिली. शिक्का जरा तिरपा मारला.

९ फेब्रुवारी, गुरुवार

मी गावात प्रसिद्ध झालो आहे. घरपट्टी वाढवून मागणारा माणूस. पेन्शनर वर्तमानपत्र खाली धरून माझ्याकडे बघतात. गुलाब म्हणाला, "बाबूजी, तुम्ही बांबू वर करून सोताच आत घुसले."

आज मुख्याधिकाऱ्यांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला, बशीत दोन बिस्किटं. वर्ध्याहून पत्र आलं आहे: स्वतःचं उत्पन्न वाढवल्याचं दाखवा, तरच पुढचं अनुदान. जकात आटली, अध्यक्ष कर वाढवायचं नाव घेऊ देत नाहीत, कारण त्यांना पुन्हा निवडून यायचं आहे. अशा वेळी नागरिक स्वतः पुढे येतो. साहेब म्हणाले की अशा जाणिवेची माणसं आता उरली नाहीत. मी नम्रपणे बिस्किट खाल्लं. शेवटची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली आणि तिच्याखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारली. माझ्या कुठल्या वाक्याखाली आजवर कोणी रेघ मारली नव्हती.

बाहेर बाकावर बबनराव त्याची हरकत घेऊन बसला होता, कमी करा म्हणणारी. आज पहिल्यांदा तो मला लहान दिसला.

१५ फेब्रुवारी, बुधवार

थकबाकीदारांच्या दारावर डफडं वाजवायची आमच्याकडे रीत आहे. मार्च जवळ आला की कवडू यादी घेऊन पुढे, डफडेवाला मागे. दारासमोर उभं राहून डफडं वाजवायचं, नाव आणि रक्कम खणखणीत वाचायची, आणि पुढच्या दाराकडे जायचं. माणूस पैसे देतो तो डफड्याला घाबरून नाही, शेजाऱ्यांच्या खिडक्यांना घाबरून.

आज दहा वाजता आवाज गल्लीच्या तोंडाशी आला. सुलोचना आत भाकरी टाकत होती, तिचा हात थांबला नाही याचं मला नवल वाटलं. मी दार लावून आत उभा राहिलो, सदऱ्याची बटणं लावली. बाबाराव शिंप्याच्या दारी वाजलं. बावीस रुपये. मग बबनरावाचं घर सोडलं, मग पावलं माझ्या दाराशी आली. आणि पुढे गेली.

मी फटीतून बघितलं. कवडूनं माझ्या दाराकडे मानसुद्धा वळवली नाही. म्हणजे केबिनमधला चहा वाया गेला नाही. जो नागरिक स्वतःहून कर वाढवून मागतो त्याच्या एकतीस रुपये साठ पैशांसाठी नगरपालिका डफडं वाजवत नाही. मी हे सुलोचनेला सांगितलं. ती म्हणाली, "हो, तसंच असन." आणि भाकरी उलटवली.

२२ फेब्रुवारी, बुधवार

आज दुपारी तानाबाई आली. हातात नोटीस. मला म्हणाली, "भाऊजी, वाचून द्या. मले वाटते चुकीच्या घरी आली."

चुकीच्या घरी आली नव्हती. गल्लीतल्या कवेलूच्या सर्व घरांचं भाडेमूल्य एकसारखं करून दोनशे चाळीस धरलं आहे. सात घरं. कारणाच्या रकान्यात लिहिलं आहे: "गल्लीतील रहिवाशाच्या लेखी निवेदनावरून." मी तिला आकडा वाचून दाखवला, कारणाचा रकाना नाही.

तिनं विचारलं, म्हणजे भरायचे किती. मी म्हटलं, अठ्ठेचाळीस. आतापर्यंत सोळा रुपये ऐंशी पैसे होते. ती ओट्यावर बसली. मग अगदी सरळ आवाजात म्हणाली, "माह्या घरात का सोनं निघालं, भाऊजी?"

मग तिनं सगळं सांगितलं. शेवयांचे किती, पापडाचे किती, दुकानदार किती उधार ठेवतो. यंदाच्या पावसाळ्याआधी कवेलू फेरून पुन्हा बसवायचे होते, ते पैसे आता यात जातील. वडनेरला भाऊ आहे, तो कधीचा बोलावतो. घर विकून तिकडं जावं म्हणते. बबनरावानं मागं एकदा विचारलं होतं, खतासाठी गोदामाला जागा पाहिजे म्हणून.

ती गेल्यावर सुलोचना दारात उभी राहिली. "सांगा ना तिले, कोन निवेदन देल्लं ते." मी म्हटलं, मी कुठे तिचं नाव लिहिलं होतं. ती म्हणाली, "सर्वच म्हनलं ना तुम्ही. त्यात ते येते." मला वाटलं होतं तिनं अर्ज वाचला नाही.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

एका बाजूला बबनराव आहेच. तानाबाईनं विकलं तर दुसऱ्या बाजूलाही बबनराव येईल. मधे मी, युरियाच्या दोन पोत्यांमधे कोंबलेलं शहाण्णव रुपयांचं घर. हे होऊ द्यायचं नाही. अर्ज परत घेणार.

तानाबाईचाही विचार आहेच. पण तो मनात दुसऱ्या नंबरवर आला, हे इथं कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

२७ फेब्रुवारी, सोमवार

प्रेमदासकडे गेलो. अर्ज परत द्या म्हटलं. तो म्हणाला, आता परत देता येत नाही, त्यावर हुकूम झाला. एकच मार्ग. तेरा मार्चला कर समितीसमोर सुनावणी आहे. तिथं नव्या आकारणीवर हरकत घ्या, स्वतः उभे राहा आणि सांगा की माझं निवेदन चूक होतं.

"सगळ्यांसमोर?"

"हो जी. सगळेच राहतीन ना, साती घरं."

मला एकदम सुचलं. सुनावणीचा नियम फळीवरच लिहिलेला आहे, थकबाकीदाराची हरकत ऐकली जाणार नाही. मी म्हटलं, मग माझं जमणारच नाही, माझे एकतीस साठ बाकी आहेत. हे सांगताना मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

प्रेमदास म्हणाला, "तुमची बाकी नाई बाबूजी. तीस जानेवारीलेच भरली."

"कोणी?"

त्यानं कपाटातून पावतीपुस्तक काढलं, पानं उलटली आणि स्थळप्रत माझ्याकडे फिरवून ठेवली. नाव माझं, रक्कम माझी. खाली 'हस्ते' अशी ओळ असते, दुसऱ्यासाठी कोणी भरलं तर त्याचं नाव लिहायला. तिथं बबनराव अशी सही होती. शाळेत असताना जसा 'ब' काढायचा, पोट फुगलेला, तसाच.

म्हणजे डफडं माझ्या दाराशी थांबलं नाही ते चहामुळे नव्हे. माझ्या वाक्याखाली लाल रेघ मारली गेली, त्याच्या आधी दहा दिवस त्यानं माझी अब्रू एकतीस रुपये साठ पैशांना विकत घेऊन ठेवली होती. आणि पानठेल्यावर एकशेवीसचं रडगाणं गायला तो त्यानंतर दोन दिवसांनी. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. एखाद्या बढाईखोरानं बढाई मारली नाही की किती राग येतो.

घरी सुलोचनेला विचारलं. ती म्हणाली, "संक्रांतीले शकुबाईले सांगून बसली मी. डफडं दारात वाजन म्हनून. तिनं इचारलं होतं काऊन रडते. मी पैसे नाई मांगतले."

मी जेवलो नाही. म्हणजे थोडं जेवलो.

१३ मार्च, सोमवार

सगळं क्रमानं लिहितो.

नगरपालिकेचा हॉल. मधे कर समितीचे सभापती नानाजी, उजवीकडे मुख्याधिकारी, डावीकडे प्रेमदास फायली घेऊन. बाकांवर सात घरची माणसं आणि इतर हरकतवाले. तानाबाई शेवटच्या बाकावर, पदर डोक्यावरून. बबनराव खिडकीशी.

माझं नाव पुकारलं. मी उभा राहून म्हटलं की माझ्या घराचं मूल्य जास्त धरलं आहे, ते पूर्वीइतकं करावं, आणि गल्लीतल्या इतर घरांचंही. साहेबांनी चष्मा काढला. "महिन्यापूर्वी तुम्हीच लिहिलं होतं." आणि त्यांनी प्रेमदासला अर्ज वाचायला सांगितला. प्रेमदासनं हळू आवाजात, भरभर वाचायचा प्रयत्न केला. नानाजी म्हणाले, "मोठ्यानं वाच बापा, चांगलं हाय." मग सागवानी तुळया आल्या, घडीव ओटा आला, वारा आला. वाऱ्याला हशा झाला. आणि मग ती शेवटची ओळ. तिला कोणी हसलं नाही. सगळ्या बाकांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी तानाबाईकडे बघितलं नाही.

मी म्हटलं, निवेदन चूक होतं. नानाजी म्हणाले, कशी चूक, ते सांगा, इथं लिहावं लागते. मग मी माझं घर पाडायला घेतलं. तुळया सागवानी नाहीत, दोन बाभळीच्या आहेत आणि एकीला कीड आहे. ओटा दगडी आहे पण मधला दगड हलतो. पावसाळ्यात गळतं. कुठं कुठं, नानाजींनी विचारलं. मी चार जागा सांगितल्या. साहेब म्हणाले, यावर विश्वास कसा ठेवायचा, महिन्यात माणसाचं घर इतकं बदलतं का.

तेव्हा खिडकीशी बबनराव उठला.

"साहेब, चार नाई, अकरा जागा गळते. मी भिंतीपलीकडं राह्यतो, भांडे मांडल्याचा आवाज येते मले. याची भिंत माह्या आंगनात एक वीत झुकली हाय, मी तिले मोठा लाकडाचा टेका लावला, याले माहीत नाई. ते घर शहाण्णवचंबी नाई. चौऱ्याऐंशी करा."

लोक हसले. मीही हसलो असावा, चेहऱ्याचं काय चाललं होतं ते कळत नव्हतं. इतक्या वर्षांची अब्रू म्हणून मी जे झाकून ठेवलं होतं ते सगळं त्याला भिंतीतून ऐकू येत होतं.

नानाजींनी साहेबांच्या कानात काही सांगितलं, साहेबांनी नाही म्हटलं, नानाजींनी पुन्हा सांगितलं. सातही घरं पूर्ववत. माझं चौऱ्याऐंशी. मग साहेब फायलीवर हात ठेवून म्हणाले, "ठीक आहे. पण पैसा येणार कुठून हे कोणी सांगा. जकात नाही, पट्टी नाही, अनुदान नाही. दिवे मी घरून आणू?"  हा प्रश्न विनोदी नव्हता, आणि खरा होता.

पुढची हरकत बबनरावाची. तो तिथूनच म्हणाला, "माही राहू द्या जी. सहाशे तं सहाशे. मी हरकत मागं घेतो." आणि टोपी घालून निघून गेला.

मला त्याचा तिथंही हेवा वाटला. मी महिनाभर झटून, अर्ज करून, सभेत उभं राहून जो उदार नागरिक होऊ शकलो नाही, तो हा टोपी घालता घालता झाला.

पायऱ्यांवर तानाबाईनं गाठलं. मी मान खाली घातली. ती म्हणाली, "एवढं चांगलं लिह्यता भाऊजी तुम्ही. मले माहीतच नोतं." थोडं पुढे जाऊन वळली. "माह्या भावाले एक पत्र लिहून देजा. म्हना, येत नाई मी."

१४ मार्च, मंगळवार

माझी डावीकडची भिंत बघून आलो. बबनरावाच्या अंगणात जाऊन, तो दुकानात असताना. टेका आहे. बाभळीचा, जुना. त्याच्यावर दोडक्याचा वेल चढला आहे, म्हणजे निदान दोन पावसाळे झाले असतील.

तानाबाई आणि मी आता सारखे. चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी. तिचे पापड धरले तर ती वर.

२१ मार्च, मंगळवार

वाचनालयाची पाच वर्तमानपत्रं होती, एक एप्रिलपासून तीन. साहेबांनी सहीनिशी कळवलं. कारणाच्या जागी "उत्पन्नातील तूट" असं आहे. पेन्शनर चिडले आहेत. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, तूट कशानं आली. मी म्हटलं, बैलगाड्यांनी.

पत्र तानाबाईला लिहून दिलं. चार ओळी. 'सर्व' हा शब्द कुठेही वापरला नाही.

३१ मार्च, शुक्रवार

आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस. डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीचा पगार आज एकदम झाला; वर्ध्याचं अनुदान जेवून एकदाचं पोचलं. कर विभागाच्या खिडकीवर रांग होती. बाबाराव शिंपी माझ्या पुढे, त्याच्या हातात बावीस रुपये घामानं ओले.

माझी पाळी आली. प्रेमदास म्हणाला, "तुमची काईच बाकी नाई बाबूजी." मी म्हटलं, माझी नाही. बबनरावाची नवी घरपट्टी एकशेवीस लागू होते ना उद्यापासून, त्यातले एकतीस रुपये साठ पैसे आगाऊ जमा करून घे. बबनरावाच्या नावावर.

त्यानं माझ्याकडे बघितलं. पावती फाडली, नाव घातलं, रक्कम अक्षरात लिहिली. 'हस्ते' या ओळीशी त्याचं पेन थांबलं. मी पेन त्याच्या हातातून घेतलं आणि सही केली. माझी सही चांगली आहे, निबंधांपासूनची. मग त्यानं वाचायला नेलेलं एक पुस्तक परत दिलं, मुदतीच्या दोन दिवस आधी. मी ते काखेत धरून घरी आलो.

बबनराव दुकानात असतो हे मला माहीत होतं. पावतीची घडी केली आणि त्याच्या दाराच्या खालून आत सरकवली. आतून शकुबाईनं विचारलं, "कोन हाय जी?"

मी घरात आलो. आज सकाळी मी तोटीसमोर बसलो नव्हतो; पाणी किती वाजता आलं होतं ते सुलोचनेला विचारणार होतो, मग राहू दिलं.